टीजे म्हणजे फक्त प्रवेशपरीक्षा नव्हे
टीजे म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनियातली थॉमस जेफरसन ही विज्ञान-तंत्रज्ञानाची सरकारी हायस्कूल. '२०२० मध्ये प्रवेशपरीक्षा काढून टाकली आणि शाळेचा दर्जा संपला', असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

आधी परीक्षा होती, अर्जाला १०० डॉलर फी होती, आणि बहुतेक मुलं फेअरफॅक्स काउंटीतल्या मोजक्याच मिडल स्कूल्समधून यायची. आता प्रत्येक सरकारी मिडल स्कूलला तिथल्या आठवीच्या मुलांच्या १.५ टक्के इतक्या जागा राखीव आहेत, उरलेल्या सर्वांसाठी खुल्या. नव्या पद्धतीच्या पहिल्याच वर्गात गरीब घरच्या मुलांचं प्रमाण जवळजवळ शून्यावरून २५ टक्क्यांवर गेलं. आशियाई मुलांचा वाटा मात्र ७३ वरून ५४ टक्क्यांवर आला. त्यात आपली भारतीय मुलंही आहेत, त्यामुळे पालकांचं दुःख मी समजू शकते. ते कोर्टात गेले, २०२३ मध्ये अपिलात हरले आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

पण शाळेचा जीव कशात आहे? तिथल्या लॅब्समध्ये! बारावीत प्रत्येकाला संशोधन प्रकल्प करावा लागतो. २०१३ मध्ये याच शाळेच्या मुलांनी बांधलेला छोटा उपग्रह कक्षेत गेला. हायस्कूलच्या मुलांनी बांधलेला तो जगातला पहिलाच. शाळेच्या वेळेतच क्लबांसाठी आठवा तास असतो, आणि मुलांची खरी दोस्ती तिथे जमते.

मुलांना सहावीपासून प्रवेशाच्या क्लासला जुंपण्याआधी शेजारच्या लाऊडन काउंटीतल्या पालकांनी एकदा रोजच्या बसप्रवासाचाही विचार करावा. अंतर खूप आहे, आणि झोप मुलाचीच जाते.