आड्डूच्या गुप्त तळावरचा पहारा: आजोबांच्या आठवणींसंबंधी विचारणा

प्रश्न (महाल, नागपूर): माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत खलाशी होते आणि मालदीवच्या दक्षिण टोकाच्या आड्डू बेटांवर आपण पहारा दिला, असे ते सांगत. सभोवती प्रवाळ, मध्ये संथ पाणी आणि प्रवेशमार्गांवर लावलेल्या पाणबुडीरोधक जाळ्यांवर रात्रभर नजर. घरच्या पत्रातही ठिकाणाचे नाव लिहिण्याची मुभा नव्हती. इतक्या आडबाजूच्या जागेला एवढे महत्त्व कशामुळे आले असावे?

उत्तर १: फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो व त्रिंकोमालीवर हल्ले केले. त्या काळात ब्रिटिश आरमाराला इंधन-पाण्यासाठी आड्डूचा आधार होता, कारण ‘पोर्ट टी’ या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तळाचा जपान्यांना पत्ताच नव्हता. पत्रांवरील बंदी त्यामुळेच असणार.

उत्तर २: जाळ्यांवरचा पहारा कोणी किरकोळ समजू नये. मार्च १९४४ मध्ये यू-१८३ या जर्मन पाणबुडीने जाळ्यांमधील फटीतून सोडलेल्या पाणतीराने आत नांगरलेल्या ‘ब्रिटिश लॉयल्टी’ या तेलवाहू जहाजाचे मोठे नुकसान केले. शिवाय तेथे स्क्रब टायफस या तापाचाही उपद्रव होता. आजोबांनी त्याविषयी काही सांगितले होते का?

प्रश्नकर्ता: होय, तापाचा उल्लेख ते वारंवार करीत. मनःपूर्वक आभार.

उत्तर ३ (धरमपेठ): आजोबांचे सेवापुस्तक घरी असल्यास त्यातील जहाजांची नावे व तारखा त्यांच्या आठवणींशेजारी लिहून ठेवाव्यात, ही कळकळीची विनंती. समुद्रापासून इतक्या दूरच्या विदर्भातून गेलेल्या खलाशांच्या हकिकती त्यांच्या घरच्यांनीच जपायला हव्यात.