मदत हवी आहे: बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्र मिळत नाही, साध्या पेरणीयंत्रानं सोयाबीनची पट्टापेर कशी करावी?

भारीकाळी_कारंजा
वावर ७ एकर, भारी काळी जमीन, तालुका कारंजा, जिल्हा वाशीम. उतार उत्तरेकडून दक्षिणेला, तोही नावालाच. नाला दक्षिणेच्या धुऱ्याला. सपाट पेरलं की जुलैच्या झडीत पाणी हटत नाही, सोयाबीन पिवळं पडतं. ऑगस्टात उघाड पडली की तीच जमीन भेगाळते. ७ दात्यांचं साधं ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आहे, अंतर ४५ सेंमी. पट्टापेर, म्हणजे काही तासं (ओळी) पेरून मधलं एक सरीसाठी रिकामं सोडणं, जमेल का? बियाणं किती धरू?

तिफणवाला
जमते. ४ नंबरच्या दात्याचं बियाणं अन् खत दोन्ही बंद करा. तीन तासं, एक रिकामं, पुन्हा तीन तासं. गफलत होते ती पलटताना. परतीच्या फेरीत शेवटच्या तासापासून ४५ नाही, ९० सेंमी सोडायचं. ड्रायव्हर सवयीनं जुन्या खुणेवर चाक लावतो अन् तिथं सलग सहा तासांचा पट्टा होतो, मग सरीला जागाच उरत नाही.

बियाण्याची सेटिंग बदलू नका. सपाट पेरणीत एकरी ३० किलो लागतं, चौथं तास बंद झालं की आपोआप साडेबावीस होतं. खात्री करायची तर प्रत्येक नळीखाली पन्नी बांधून यंत्र २० मीटर चालवा. पन्नीत ६५ ते ७० ग्रॅम दाणा यायला हवा. एखादीत कमी आला तर ती नळी मातीनं तुंबली समजा. हे गणित ७० टक्के उगवणीचं. घरचं बियाणं १०० पैकी ६५ उगवत असेल तर एकरी सव्वाचोवीस किलो धरा. अन् ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय यंत्र वावरात नेऊ नका.

धुरा_ते_नाला
उतार नावालाच आहे, म्हणून तासं उत्तर-दक्षिणच ठेवा. जास्त उताराच्या रानात हे करू नये, माती वाहून जाते.

खरी चूक दक्षिणेच्या धुऱ्यावर होते. ट्रॅक्टर पलटतो ती पट्टी शेवटी आडवी पेरतात, अन् सगळ्या सऱ्यांची तोंडं तिथंच बुजतात. मग सरी असूनही पाणी साचतं आणि दोष पट्टापेरीला. ती पट्टी पेरूच नका, तिथं नाल्याकडे जाणारा फूटभर खोल चर काढा.

भारीकाळी_कारंजा
सरी पेरतानाच काढू का? ४ नंबरला रिजर (सरी पाडायचा फाळ) लावला तर?

तिफणवाला
लहान फाळ लावा, मोठा नको. मोठ्यानं ३ आणि ५ नंबरच्या तासावर माती चढते. दाणा ५ सेंमीच्या खाली गेला की उगवण गेली. शिवाय पलटताना सोडलेल्या रिकाम्या तासात दाता चालतच नाही, ती सरी २० ते २५ दिवसांनी डवऱ्याला (कोळप्याला) दोरी गुंडाळूनच निघेल. वाफसा नसताना डवरा घातला तर चिखल थापला जाईल, सरी होणार नाही.

भारीकाळी_कारंजा
अन् उघाडीत? तोंडं मोकळी असली तर होतं ते पाणीही निघून जाईल ना?

धुरा_ते_नाला
झड संपली की सरीत दर १०-१५ मीटरवर फावड्यानं मातीचा अडसर टाका. पुढचा पाऊस तिथंच मुरेल. जोराचा पाऊस दिसला की फोडा, दोन माणसांचं काम आहे. फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना पाण्याचा ताण आला तर १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) खत, १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. पानांनी दिवसभर मान टाकल्यावर फवारून पैसे जातील, ओल यायची नाही.