मदत हवी आहे : ब्लॉगवर कोणती विजेट्स ठेवावीत, कोणती काढावीत?

नमस्कार मंडळी,

आकाशनिरीक्षण या विषयावर मी गेली नऊ वर्षे गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर लिहिते आहे. लेखांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे. नियमित वाचक मोजके पण जिव्हाळ्याचे आहेत, आणि नवे वाचक बहुधा शोधातून एखाद्याच लेखावर येतात, तो वाचतात आणि निघून जातात. त्यांना दुसऱ्या लेखापर्यंत नेता यावे, त्यांना परत यावेसे वाटावे, या हेतूने मी वेळोवेळी विजेट्स, म्हणजे पानावर लावायच्या छोट्या तयार चौकटी, जोडत गेले. आज साइडबारमध्ये चौदा चौकटी आहेत : लेखसंग्रह, लेबलांचा (लेखांना दिलेल्या विषयखुणांचा) ढग, लोकप्रिय लेख, अनुसारक (ब्लॉगचा मागोवा घेणाऱ्यांची यादी), भेटींचा आकडा, घड्याळ, फेसबुक पानाची चौकट, शेअरची बटणे आणि आणखी काही, ज्यांतली दोन का लावली होती हे मलाही आता आठवत नाही.

मागच्या महिन्यात एका वाचकाने कळवले की ब्लॉगचे शीर्षक दिसते आणि त्याखाली पान कोरेच राहते. मी फोनवर उघडून पाहिले, तर खरोखरच जवळजवळ अर्धा मिनिट काही दिसेना. शीर्षकाखाली चंद्रकला दाखवणारे एक फुकटचे विजेट मी लावले होते. त्याची स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा कोड) ज्या सर्व्हरवरून येत होती तो उत्तर देत नव्हता, आणि ब्राउझर त्या एका ओळीपाशी अडून बसला होता. ती ओळ काढताच पान उघडले. काढताना मी तो कोड प्रथमच शेवटपर्यंत वाचला. त्याच्या तळाशी, पार्श्वभूमीच्याच रंगातल्या बारीक अक्षरांत, जुगाराच्या एका संकेतस्थळाचा दुवा दडवलेला होता. तीन वर्षे तो माझ्या प्रत्येक पानावर होता, याचे मला फार वाईट वाटले, कारण माझ्या वाचकांत शाळकरी मुले पुष्कळ आहेत.

तेव्हापासून प्रत्येक चौकटीकडे मी संशयाने पाहते आहे, पण सगळ्या काढून टाकणे हेही उत्तर नाही, असे वाटते. उदाहरणार्थ, ‘लोकप्रिय लेख’ या गॅजेटमध्ये (ब्लॉगरवर विजेटला गॅजेट म्हणतात) सूर्यग्रहणावरचा एक जुना लेख कायम पहिला असतो. ते ग्रहण केव्हाच होऊन गेले आणि त्यातल्या वेळा आज कोणाच्याच उपयोगाच्या नाहीत. तरीही तो तिथे दिसतो म्हणून लोक उघडतात, आणि लोक उघडतात म्हणून तो तिथे दिसत राहतो. याउलट, दुर्बीण घेण्याआधी काय पाहावे हा लेख, जो नवशिक्याने पहिला वाचावा असे मला वाटते, तो संग्रहात खोल गाडला गेला आहे. म्हणजे गॅजेट काम करते आहे, पण चुकीच्या लेखासाठी.

ईमेलची अडचण वेगळी आहे. नवे लेख वाचकांना ईमेलने पाठवणारी गूगलच्या फीडबर्नरची सेवा जुलै २०२१ मध्ये बंद झाली, तेव्हा नोंदवलेले ८३ पत्ते मी उतरवून घेतले होते. पण त्यानंतर नवा लेख वाचकांना आपोआप कळवण्याची सोय मी केलीच नाही.

माझी विचारणा अशी आहे. कोणते विजेट ठेवावे हे ठरवण्याची कसोटी कोणती? मोबाइलवर साइडबार लेखाच्या खाली जातो. मग त्याचा उपयोग किती उरतो? आणि शेवटची, मला सर्वांत जवळची गोष्ट : ‘या आठवड्याचे आकाश’ असे छोटे विजेट मी स्वतः तयार करून इतर ब्लॉगलेखकांना लावायला दिले, तर त्यातून ब्लॉगचा प्रसार योग्य रीतीने होईल का? माझ्याच वाट्याला जो दडवलेला दुवा आला, तसे काही माझ्या हातून अजाणता होऊ नये, एवढी काळजी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

तुमच्या चंद्रकलेच्या विजेटचे जे झाले ते नेहमीचे आहे. साधी लावलेली स्क्रिप्ट ब्राउझरला वाटेत थांबवते. ती येऊन चालल्याशिवाय पुढचा मजकूर रचला जात नाही. ज्या विजेटचा कोड ‘असिंक’ (पान न थांबवता सोबतच उतरवा, अशा) सूचनेसह मिळतो ते निदान पान अडवत नाही, पण फोनवर भार टाकायचे तो टाकतेच.

कसोटी विचारलीत म्हणून सांगतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येणारे सर्व काही एकदा काढून टाका आणि पेजस्पीड इनसाइट्स या पानाचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या साधनावर एक लेख तपासा. आकडे दर वेळी थोडे बदलतात, म्हणून तीनदा तपासा. मग एकेक विजेट परत जोडत पुन्हा मोजा. गूगलच्या मते पानावरचा सर्वांत मोठा दृश्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, मांडणी हलण्याचा गुणांक ०.१ च्या वर जाता कामा नये, आणि बोट लावल्यापासून प्रतिसाद दिसेपर्यंत २०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागता कामा नये. ही तिसरी कसोटी मार्च २०२४ पासून आधीच्या कसोटीच्या जागी आली आहे. तुमच्यासारख्या ब्लॉगवर माझे लक्ष दुसऱ्या कसोटीवर जास्त राहील. वाचक वाचत असताना वरच्या चौकटीत उशिरा काहीतरी उमटते आणि वाचत असलेली ओळ खाली सरकते. याने वाचणाऱ्याचा जीव जितका मेटाकुटीला येतो तितका थोड्याशा विलंबाने येत नाही. ज्या चौकटीत काही नंतर भरले जाणार आहे तिची उंची आधीच ठरवून ठेवली, की हा त्रास थांबतो.

शेअरच्या बटणांसाठी स्क्रिप्टची मुळीच गरज नाही. वॉट्सॲप, फेसबुक, ईमेल या सर्वांसाठी साध्या लिंक करता येतात, ज्यांत लेखाचा पत्ता आधीच भरलेला असतो. किती वेळा शेअर झाले हा आकडा दिसणार नाही, पण त्याचा मोह सोडलेलाच बरा. ट्विटरने तर बटणावरचा तो आकडा नोव्हेंबर २०१५ मध्येच बंद केला. ज्याच्यापुढे शून्य लिहिलेले आहे असे बटण चांगल्या लेखालाही ओशाळवाणे करते.

फेसबुकची चौकट ठेवायची असेल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. वाचकाने ती दाबली नाही तरी त्याची माहिती फेसबुककडे जाऊ शकते. जुलै २०१९ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने असा निर्णय दिला की लाइक बटण आपल्या पानावर लावणारा मालकही, माहिती गोळा करून पाठवण्यापुरता, फेसबुकबरोबर संयुक्तपणे जबाबदार ठरतो. साध्या लिंकला हा प्रश्नच येत नाही.

दुसरा प्रतिसाद

वेगाबद्दल वर नेमके सांगितले आहे. मी वाचकाच्या बाजूने लिहिते. वाचक लेख संपवतो तो क्षण सर्वांत मोलाचा असतो. त्या वेळी त्याचे बोट पानाच्या तळाशी असते आणि पुढे काय, हे त्याने ठरवलेले नसते. साइडबारमधल्या चौदा चौकटींपेक्षा लेखाच्या शेवटी असलेली एक चौकट जास्त काम करते, असा माझा अनुभव आहे.

आधी तुमची थीम, म्हणजे ब्लॉगच्या मांडणीचा साचा, कोणती आहे ते पाहा. ब्लॉगरच्या जुन्या थीमला मोबाइलसाठी वेगळे टेम्पलेट असते आणि त्यात बहुतेक गॅजेट्स आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय दिसतच नाहीत. मार्च २०१७ मध्ये आलेल्या काँटेम्पो, सोहो, एम्पोरियो आणि नोटेबल या थीम पडद्याच्या मापाप्रमाणे स्वतः जुळवून घेतात. तेव्हा संगणकावर पाहून निर्णय घेऊ नका. प्रत्येक बदल फोनवर उघडून पाहा.

‘लोकप्रिय लेख’ काढू नका, त्याचा कालावधी बदला. सर्वकाळऐवजी शेवटचे सात किंवा तीस दिवस निवडले की ते ग्रहण खाली उतरेल. दुर्बिणीच्या लेखासाठी मात्र आपोआप चालणाऱ्या गॅजेटवर विसंबू नका. ‘वैशिष्ट्यीकृत पोस्ट’ हे गॅजेट त्यासाठीच आहे, तिथे तो लेख हाताने निवडून ठेवता येतो. त्याखाली स्वतः रचलेली ‘इथून सुरुवात करा’ अशी चार-पाच लेखांची यादी द्यावी. कोणता लेख कोणत्या लेखानंतर वाचावा हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. यंत्र फक्त किती जणांनी उघडला एवढेच मोजते. ग्रहणाचा लेखही वाया जाऊ देऊ नका. त्याच्या पहिल्या ओळीत पुढच्या ग्रहणाच्या लेखाचा दुवा द्या. तिथे येणारा प्रत्येक वाचक पुढे जाईल.

लेबलांचा ढग माझ्या मते सरळ काढावा. साठ लेबले असली की त्यातून वाट दिसत नाही, गर्दी तेवढी दिसते. लेबले आठ-दहावर आणा आणि साध्या यादीत ठेवा. शोधाची चौकट ठेवा. घड्याळ आणि भेटींचा आकडा कोणाच्याच कामाचे नाहीत.

तिसरा प्रतिसाद

स्वतःचे विजेट इतरांना देण्याची कल्पना मला मनापासून आवडली, आणि तुमची काळजीही रास्त आहे. विजेटमध्ये दडवलेले किंवा शोधशब्द ठासून भरलेले दुवे घालून ते इतरांच्या पानांवर पसरवणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे; सप्टेंबर २०१६ मध्ये गूगलने याची पुन्हा आठवण करून दिली होती. तुमच्या विजेटमधला दुवा उघड दिसणारा असावा, त्यावर फक्त ब्लॉगचे नाव असावे आणि त्याला ‘नो-फॉलो’ची (शोधयंत्राने हा दुवा शिफारस म्हणून धरू नये, अशी) खूण असावी. मग शोधातले स्थान वाढवण्यासाठी तो दिला आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. वाचक मात्र त्यावरून येतीलच, आणि तुम्हाला हवे आहेत ते वाचकच.

पण कोड लिहिण्याआधी एक सोपा मार्ग पाहा. ब्लॉगरवर प्रत्येक लेबलाची स्वतंत्र फीड (ताज्या लेखांची आपोआप बदलणारी यादी) असते. दर आठवड्याला एक छोटा लेख लिहा, त्याला ‘या आठवड्याचे आकाश’ हे एकच लेबल द्या आणि त्या फीडचा पत्ता मित्रमंडळींना द्या. ब्लॉगरवर लिहिणारा तो फीडच्या गॅजेटमध्ये टाकेल, वर्डप्रेसवाला आरएसएस विजेटमध्ये. दोन्हीकडे ताजे शीर्षक आपोआप दिसेल. कोणाच्याही पानावर तुमची स्क्रिप्ट चालणार नाही, म्हणून तुमच्यामुळे कोणाचे पान अडण्याची भीती नाही. वर्डप्रेस फीड साधारण बारा तास साठवून ठेवते, त्यामुळे ‘आज रात्री पाहा’ असे शीर्षक उशिरा पोहोचेल. आठवड्याचे शीर्षक त्यासाठीच योग्य आहे. शीर्षक मात्र प्रत्येक वेळी वेगळे हवे. ‘आकाश : भाग १२’ यावर कोणी बोट ठेवणार नाही, ‘गुरुवारी पहाटे शुक्राशेजारी चंद्रकोर’ यावर ठेवील.

आणि स्वतःच्या साइडबारमध्ये ‘माझी ब्लॉग सूची’ हे गॅजेट जरूर लावा. ज्याने नुकता लेख लिहिला आहे त्याचा ब्लॉग त्यात वर येतो आणि ताज्या लेखाचे शीर्षकही दिसते. आपण चार जणांना जागा दिली की चौघांपैकी दोघे तरी आपल्याला देतात. प्रसाराचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही.

धागालेखिकेचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन दिवस बसून मी चौदापैकी नऊ चौकटी काढल्या. मोठा भाग दिसायला लागणारा वेळ ६.८ सेकंदांवरून ३.१ वर आला आहे; उरलेला वेळ शीर्षचित्राचा आहे, ते खूप जड आहे हे आता कळले. थीम जुनीच निघाली, म्हणजे मोबाइलवरच्या वाचकांना माझी बहुतेक गॅजेट्स इतकी वर्षे दिसतच नव्हती. लोकप्रिय लेखांचा कालावधी तीस दिवस केला आणि दुर्बिणीचा लेख वर आणून ठेवला. आठवड्याच्या आकाशाचा पहिला लेख रविवारी लिहीन आणि तीन ब्लॉगलेखकांना फीडचा पत्ता पाठवीन.

एकच शंका उरते. ते जुने ८३ पत्ते नव्या ईमेल सेवेत थेट भरावेत का? मला ते बरोबर वाटत नाही, पण टाकून द्यायलाही जिवावर येते.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

थेट भरू नका. त्यांनी संमती दिली होती ती जुन्या व्यवस्थेला, आणि मध्ये बराच काळ गेला आहे; अनेकांना नाव आठवणार नाही, ते पत्राला स्पॅम म्हणतील आणि पुढची पत्रेही अडतील. सर्वांना एकदाच, पत्ते एकमेकांना दिसणार नाहीत अशा रीतीने, साधे पत्र पाठवा : आपण कोण, पूर्वी ते कशासाठी नोंदले होते, आता आठवड्याला एक पत्र येईल, आणि हवे असल्यास या दुव्यावर नोंदणी करा. जे उत्तर देणार नाहीत त्यांचे पत्ते पुसून टाका. नोंदणीची तीच चौकट लेखाच्या शेवटी ठेवा आणि तिच्यावर ‘सदस्य व्हा’ असे लिहिण्याऐवजी ‘दर रविवारी येत्या आठवड्याचे आकाश ईमेलने मिळवा’ असे लिहा.