मदत हवी आहे: धाकट्या भावाच्या नाकाचं ऑपरेशन (सांगली-मिरज)

नमस्कार मंडळी. भाऊ २४ वर्षांचा, तालमीतला. कुस्तीत नाकाचं हाड मोडलं, तसंच वाकडं जुळलं. आता डावी नाकपुडी जवळपास बंद, रात्री तोंड उघडं टाकून झोपतो, घोरणं तर विचारू नका.

मिरजेच्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी सेप्टोरायनोप्लास्टी सुचवली आहे, म्हणजे आतला वाकडा पडदा आणि बाहेरचा आकार एकाच वेळी सरळ करायचा. पडदा वाकडा राहिला तर बाहेरून सरळ केलेलं नाक पुन्हा कलू शकतं, हे पटलं. घरात मात्र "पोराला कशाला हवी नाकाची हौस?" सुरू आहे. त्याला हिरो व्हायचं नाही, श्वास हवाय. आणि नाक सरळ दिसावं असं वाटलं तर त्यात वावगं काय?

पुरुषांमध्ये नाकाची रेघ सरळ आणि ओठाशी कोन साधारण ९० अंशांचा ठेवतात, शेंडा फार उचलला तर चेहरा बायकी दिसतो, असं कळलं. हे सर्जनशी आधी कसं बोलून घ्यावं? कान-नाक-घसावाले गाठावेत की प्लास्टिक सर्जन? नाकाला आधार द्यायला पडद्याचा कूर्चा (मऊ, लवचिक हाड) पुरला नाही तर कानाचा किंवा बरगडीचा घेतात म्हणे, कुणाचा घेतलाय का?

विमा सहसा दिसण्याचा खर्च देत नाही. मग बिलात श्वासाचा भाग वेगळा दाखवून कुणाला क्लेम मिळालाय का? शेंड्याची सूज वर्षभर राहू शकते, ते ठीक. पण आखाड्यात कधी उतरता येतं? स्वतः करून घेतलेल्या पुरुषांनी जरूर लिहा.