मदत हवी आहे: स्टेज मॅनेजमेंटसाठी बीएफए की तीन वर्षांचा कोर्स? सोमवारपर्यंत कळवायचंय

विंगेतली
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय, एक बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) आणि एक तीन वर्षांचा. सोमवारपर्यंत होकार कळवायचाय. दोघांच्या वेबसाइटवर तेच ते: व्यावसायिक वातावरण, प्रत्यक्ष अनुभव आणि हेडसेट लावून हसणारी एक मुलगी. कुठला घ्यावा? अभिनय करायचा नाही, दिग्दर्शनही नाही, ते कृपया सुचवू नका. ज्यांना या क्षेत्राची माहिती आहे त्यांनीच लिहा, वेळ कमी आहे.

नेपथ्यातला_खिळा
कुठल्या देशातले कोर्स? पदवी की पदव्युत्तर? नाटक, म्युझिकल, ऑपेरा, नृत्य यातलं काय करायचंय? आधी काही काम केलंय का? एवढ्या माहितीवर नाणं उडवण्यापलीकडे कोणी काय सांगणार?

फुकट_सल्लागार
डिग्री हवीच कशाला? हे काम विंगेत उभं राहूनच येतं. एखाद्या नाट्यसंस्थेत शिरा, आधी प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू) सांभाळा, पडेल ते करा, दोन-तीन नाटकांत सगळं समजतं. मी तसाच शिकलो. कॉलेजात चार वर्षं फाइलला रंगीत टॅब लावायला शिकवतात.

विंगेतली
बीएफए म्हटल्यावर अमेरिका हे उघड नाही का? दुसरा ब्रिटनमधला. पदवीच, बारावी आत्ता झाली. शाळेत आणि एका हौशी गटात बॅकस्टेज केलंय.
फुकट_सल्लागार, तुमचा सल्ला घरच्यांनी आधीच दिलाय, रोज देतात.

नेपथ्यातला_खिळा
उघड नाही. सिडनीच्या नायडा या नाट्यविद्यालयाची टेक्निकल थिएटर आणि स्टेज मॅनेजमेंटची पदवीसुद्धा बीएफएच आहे, आणि तीन वर्षांची. म्हणून विचारलं.

प्रकाशवेडा
माझं ऐकाल तर लाइटिंग घ्या. प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला नाटक नसलं तरी काम असतं: मैफली, कॉर्पोरेट कार्यक्रम, टीव्ही. स्टेज मॅनेजरला नाटक नसेल तर काय?

तिसरी_घंटा
प्रकाशवेडा, तिने लाइटिंग विचारलेलं नाही. आणि तुम्ही म्हणता त्या कॉर्पोरेट कार्यक्रमांतही क्यू (लाइट, साउंड, पडदा बदलायचा इशारा) देणारं माणूस लागतंच, त्याला शो कॉलर म्हणतात.

विंगेतली, मी हे काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन्ही देशांत पदाचं नाव एकच असलं तरी कामाची वाटणी वेगळी आहे, आणि शिक्षण त्या वाटणीप्रमाणे असतं. ब्रिटनमध्ये 'बुक', म्हणजे सगळे क्यू लिहिलेली नाटकाची प्रत (प्रॉम्प्ट बुक), डीएसएमकडे (डेप्युटी स्टेज मॅनेजर) असतं. तालमीत नटांच्या हालचाली टिपणं, प्रॉम्प्ट बुक तयार करणं आणि प्रयोगात क्यू देणं, सगळं तोच करतो. एएसएमकडे (असिस्टंट स्टेज मॅनेजर) प्रॉपर्टी: शोधायची, उसनी आणायची, वेळ पडली तर बनवायची. या दोघांच्या वर एसएम, म्हणजे स्टेज मॅनेजर. अमेरिकेत तालमीची खोली सांभाळणारा आणि क्यू देणारा सहसा एकच माणूस असतो, मोठ्या निर्मितीत त्याला पीएसएम (प्रॉडक्शन स्टेज मॅनेजर) म्हणतात. एएसएम रंगमंचामागची बाजू बघतात. प्रॉपर्टी बनवणं हे तिथे वेगळ्या खात्याचं काम.

म्हणून ब्रिटिश कोर्समध्ये तुझे बरेच दिवस प्रॉपर्टीच्या मागे जातील, आवडो न आवडो. अमेरिकन बीएफएमध्ये चार वर्षांतला काही वेळ नाटकाशी संबंध नसलेल्या विषयांना द्यावा लागतो: इतिहास, विज्ञान, निबंधलेखन. काहींना तो वेळ फुकट गेला असं वाटतं. मला नाही वाटत, कारण दिग्दर्शकाला रात्री अकरा वाजता पाठवायचा तालमीचा अहवाल नीट लिहिता येणं हे अर्धं काम आहे.

पण देश नंतर. आधी दोघांनाही हे विचार: पदवी हातात पडेपर्यंत मी किती प्रयोगांना बुकवर बसेन? वर्गात किती मुलं आणि वर्षाला किती नाटकं, हा भागाकार करून बघ. बारा मुलं आणि सहा नाटकं असतील, तर पुस्तिकेत काहीही छापलेलं असो, निम्म्यांना त्या वर्षी बुक मिळणार नाही.

फुकट_सल्लागार
म्हणजे मी म्हणतो तेच. खरं शिक्षण प्रयोगात. 'गो' म्हणायला डिग्री कशाला?

तिसरी_घंटा
'गो' म्हणायला नाही लागत. कधी म्हणायचं नाही, हे शिकायला लागते. स्टँडबाय (तयार राहा) लाइट ४१ ते ४४, साउंड १२, फ्लाय (दोरीने वर-खाली होणारं नेपथ्य) ३, एवढं एका दमात सांगायचं, प्रत्येक ऑपरेटरकडून पोच घ्यायची, आणि तेवढ्यात नट दोन वाक्यं गाळून पुढे उडी मारतो. अशा वेळी ४२ सोडून द्यायचा की ४१ आणि ४२ एकदम द्यायचे? वर बांधलेलं नेपथ्य खाली येत असताना कोण कुठे उभं आहे, कोणाला दिसतंय, कोणाला नाही? व्यावसायिक नाटकात नवख्याच्या हाती हे कोणी देत नाही, आणि देऊही नये. कॉलेजात शिक्षक पाठीशी बसलेला असतो. चार वर्षं नुसते टॅब लावतात म्हणणाऱ्यांनी एकदा टेक तालमीला (लाइट, साउंड, नेपथ्य जोडून होते ती) बसून बघावं.

फुकट_सल्लागार
मी टेक तालमी तुमच्यापेक्षा जास्त पाहिल्यात.

नेपथ्यातला_खिळा
सुरू झालं.

आनंदकाका
येलमध्ये स्टेज मॅनेजमेंट शिकवतात आणि आता फी माफ आहे असं वाचलंय. तिथे का अर्ज केला नाहीस बेटा?

नेपथ्यातला_खिळा
काका, तो एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) आहे, पदवीनंतरचा. डेव्हिड गेफेन यांनी २०२१ मध्ये १५ कोटी डॉलर दिले तेव्हापासून तिथल्या नाट्यविद्यालयात शिक्षणशुल्क नाही, हे बरोबर. पण हिची बारावी आत्ता झालीय.

आनंदकाका
मग पदवीनंतर लक्षात ठेव बेटा.

स्वरलिपी
धागाकर्तीने अजून सांगितलं नाही की नाटक करायचंय की संगीत. प्रश्न तिथेच अडकलाय. ऑपेरात क्यू शब्दांवर नसतात, स्वरलेखनावर असतात. १४२व्या मापाच्या तिसऱ्या ठोक्यावर पडदा म्हणजे तिसऱ्याच ठोक्यावर, कंडक्टर तुमच्यासाठी थांबत नाही. गायकांना प्रवेशासाठी विंगेत बोलावणं हेही स्टेज मॅनेजमेंटचंच काम. स्वरलेखन वाचता येत नसेल तर ऑपेरा आणि बॅले हे दोन मोठे दरवाजे अर्धे बंद. लंडनच्या गिल्डहॉलमध्ये संगीत आणि नाटक एकाच छताखाली आहे, तिथली प्रॉडक्शन आर्ट्सची मुलं विद्यालयाच्या ऑपेरांवरही काम करतात. अमेरिकेत सिनसिनाटीच्या सीसीएम या विद्यालयातही संगीत आणि नाट्य एकत्र आहे. तुझ्या दोन ठिकाणी ऑपेरा होतो का?

फुकट_सल्लागार
कानाला सवय झाली की स्वरलेखन लागत नाही.

स्वरलिपी
एका ऑपेराची सवय होईल. पुढच्या महिन्यात दुसरा असतो.

विंगेतली
मला म्युझिकल आवडतात. पेटीच्या दोन परीक्षा दिल्यात, पण स्टाफवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येत नाही. हे महत्त्वाचं आहे हे कुठेच लिहिलं नव्हतं. अमेरिकेतल्या ठिकाणी एमएफएही आहे. ब्रिटनमध्ये पहिलं वर्ष सगळ्यांना सगळं करावं लागतं: लाइट, साउंड, सुतारकाम, वेशभूषा. मला सुतारकाम कशाला?

तिसरी_घंटा
एमएफए आहे हे आधी सांगायचं ना! मग दुसरा प्रश्न हा: मुख्य रंगमंचावरची नाटकं कोणाकडे जातात? एमएफएची मुलं असतात तिथे मोठी निर्मिती त्यांच्याकडे आणि बीएफएवाले त्यांचे एएसएम, असं बऱ्याचदा होतं. वाईटच असतं असं नाही, चांगल्या पीएसएमच्या हाताखाली खूप शिकता येतं. पण चौथ्या वर्षीही तेच असेल तर विचार कर.

आणि सुतारकाम करच. ज्याला फळी कापायला किती वेळ लागतो ते माहीत नाही, तो सुताराला 'दहा मिनिटांत होईल ना' असं विचारतो. त्यानंतर सुतार त्याचं ऐकत नाहीत.

प्रकाशवेडा
याला +१. लाइटवाल्यांनाही हेच ऐकावं लागतं.

नाट्यमामा
मध्येच विचारतो, माझ्या भाच्याला अभिनय करायचाय. एनएसडीमध्ये (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) बारावीनंतर घेतात का?

नेपथ्यातला_खिळा
तीन वर्षांच्या डिप्लोमाला पदवी लागते. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ आधीच पुरेसा आहे.

कागदपत्री
नाटकाचं सगळं वाचलं, आता व्हिसाकडे बघा. अमेरिकेत शिक्षणानंतर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरची कामाची परवानगी) १२ महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना २४ महिने वाढवून मिळतात, नाट्यविषयांना सहसा नाही. ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट रूट या व्हिसावर पदवीधराला दोन वर्षं मिळत आली, पण १ जानेवारी २०२७पासून येणाऱ्या अर्जांना १८ महिनेच. आत्ता तीन वर्षांच्या कोर्सला जाणाऱ्याने १८ धरून चालावं.

हे अशासाठी सांगतो की या धंद्यात पहिलं काम ओळखीतून मिळतं, आणि ओळख शिकत असतानाच व्हावी लागते. कोर्समध्ये बाहेरच्या थिएटरमध्ये काही आठवडे काम करायची सोय आहे का? ती जागा कॉलेज मिळवून देतं की 'स्वतः शोधा' म्हणतं? फुकट_सल्लागार यांचा मार्ग परदेशात जाऊन करता येणार नाही, संस्थेत शिरायला आधी देशात शिरायला लागतं.

फुकट_सल्लागार
मी परदेशात जा म्हणालोच नव्हतो.

रंगधूळ
युनियनचंही बघा. अमेरिकेत नाटकातले स्टेज मॅनेजर नटांच्याच युनियनमध्ये असतात, ॲक्टर्स इक्विटी, १९१३ सालची. ऑपेराचे एजीएमएमध्ये, ती १९३६ची. ब्रिटनमध्येही इक्विटीच, पण ती वेगळी संघटना आहे, १९३०ची. एका देशात शिकून दुसऱ्या देशात काम करायला गेलात तर विश्रांतीच्या वेळा, तालमीचे तास, सगळे नियम नव्याने पाठ करावे लागतात. शिवाय ब्रिटनमध्ये क्यू लाइट (क्यू देणारा दिवा) लाल झाला की सावध आणि हिरवा झाला की करा. हिरवा बघून 'सगळं ठीक आहे' समजणारे महाभाग मी पाहिलेत.

विंगेतली
दोन्हीकडे ईमेल केली. ब्रिटनवाल्यांचं उत्तर आलं: तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला निदान एका निर्मितीत डीएसएम करतात, पण कोणती ते शिक्षक ठरवतात. ऑपेरा नाही, म्युझिकल दरवर्षी एक. बाहेरच्या थिएटरमधलं काम तिसऱ्याच वर्षी आणि जागा तेच मिळवून देतात. अमेरिकावाले म्हणतात "विद्यार्थ्यांना भरपूर संधी आहेत." बस एवढंच. मग ब्रिटन ना?

तिसरी_घंटा
एवढ्यावर ठरवू नकोस. असली ईमेल प्रवेश विभागाकडे जाते, तिथे बसलेल्या माणसाने कधी हेडसेट घातलेला नसतो. विभागप्रमुखांना लिही, किंवा चौथ्या वर्षाच्या एखाद्या मुलीशी बोलायचंय म्हणून सांग. तिला एकच विचार: आत्तापर्यंत तू कुठले शो कॉल केलेस? तिने नाटकांची नावं घेतली तर प्रश्नच मिटला. एमएफएच्या मुलांची नावं घेतली तरी मिटला.

आणि सोमवारची मुदत वाढवून माग. कारण सांगून मागितली तर बरीच कॉलेजं थोडे दिवस देतात. नाही दिले तर ब्रिटनला होकार कळव, निदान त्यांनी विचारलं त्याचं उत्तर दिलं.

स्वरलिपी
आणि कुठेही गेलीस तरी स्वरलेखन आजपासून शिकायला लाग. वाजवता यायची गरज नाही, चालू संगीताबरोबर बोट फिरवत मापं मोजता आली की झालं. सुरुवात एखाद्या म्युझिकलच्या पियानो-व्होकल स्कोअरने (गाणं आणि पियानोचं स्वरलेखन) कर.

विंगेतली
मुदत मागितली, शुक्रवारपर्यंत मिळाली. विभागप्रमुखांनी एका मुलीचा पत्ता दिलाय, उद्या बोलणार आहे. अजून एक, लॅपटॉप घ्यायचाय, मॅकच लागतो का?

प्रकाशवेडा
साउंडच्या क्यूसाठी क्यूलॅब हे सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर मॅकच, विंडोजवर ते चालत नाही. पण ते साउंडवाल्याच्या मशीनवर असतं, तुझ्या नाही. तुला वर्ड, एक्सेल आणि चांगली बॅटरी पुरे. लाइटिंग घेतलं असतंस तर वेगळं सांगितलं असतं.

नाट्यमामा
वेगळा धागा कसा काढायचा?