वन पीस : प्रकरणाचं पहिलं पान वगळू नका

‘अ‍ॅनिमे (कार्टून मालिका) बघितलं की झालं, मूळ जपानी चित्रकथेचे, म्हणजे मांगाचे, शंभरच्या वर खंड कोण वाचत बसणार’ हे ‘वन पीस’बद्दल ऐकू येणारं मत वेळेच्या हिशोबापुरतं मान्य. पण १९९७ पासून चाललेल्या या कथेचा एक धागा प्रकरणांच्या मुखपृष्ठांवर चालतो, त्याचा उल्लेख फारसा कुणी करत नाही. कथाकार ओडा प्रकरणाच्या पहिल्या पानावर एक चित्र आणि एखाद-दोन ओळी देतात. अशी पंचवीस-चाळीस पानं ओळीनं वाचली की, मागे पडलेल्या पात्राचं पुढे काय झालं ते कळतं. अ‍ॅनिमेत यातल्या बहुतेक मालिका गाळल्यात.

हाचीचंच बघा. आर्लाँग या खलनायक चाच्याच्या टोळीतला हा सहा हातांचा ऑक्टोपस पकडला जातो, निसटतो आणि समुद्राच्या तळाशी भटकतो. तिथे त्याला केमी ही जलपरी भेटते, आणि शेवटी त्याचं ताकोयाकीची (ऑक्टोपसच्या गोल वड्यांची) गाडी टाकायचं स्वप्न पुरं होतं. हे सगळं फक्त मुखपृष्ठांवर! पुढे शेकडो प्रकरणांनी सबाओदी बेटांच्या वाटेवर केमी मूळ कथेत येते, तेव्हा मांगा वाचणारा तिला आधीपासून ओळखत असतो. हाची परत दिसल्यावर, आर्लाँगच्या टोळीनं जिच्या गावावर जुलूम केला ती नामी त्याच्याशी कशी वागते, ते प्रसंग मग फार आत पोचतात. स्वतःला देव म्हणवणारा खलनायक एनेल चंद्रावर जाऊन काय बघतो तेही असंच, आणि ते तर कथेच्या मुळाशी जाणारं आहे. त्यामुळे अ‍ॅनिमे बघूनच पुढे जायचं असेल तरी निदान ही पानं तेवढी काढून वाचाच.