ईपीएस-९५ : सूत्राने ठरलेल्या पेन्शनमधली तूट नेमकी कोणी भरून काढायची?

वाळूजकर (प्रश्न)

माझे वडील एका खासगी अभियांत्रिकी कारखान्यातून ऑगस्ट २०२५ अखेरीस, वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त झाले. सप्टेंबर १९९७पासून सलग २८ वर्षे ते कर्मचारी पेन्शन योजना, १९९५चे (ईपीएस-९५) सभासद होते आणि निवृत्तीपूर्वीची अनेक वर्षे त्यांचा पगार १५,००० रुपयांच्या वर होता. निवृत्तिवेतनयोग्य वेतन (मर्यादेमुळे १५,००० रुपये) गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० या सूत्रात, वीस किंवा अधिक वर्षांच्या सेवेबद्दल मिळणारी दोन वर्षांची वाढ धरली, तर पेन्शन ६,४२८ रुपये यायला हवी. पेन्शन कार्यालयाने काढलेली रक्कम मात्र चार हजारांच्या थोडी वर आहे. शिवाय कंपनी आता अवसायनात (मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत) गेली असून शेवटच्या काही महिन्यांची वर्गणी तिने भरलेलीच नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. हा फरक कशामुळे पडतो? आणि पेन्शनची रक्कम जर सूत्राने आधीच ठरलेली असेल, तर निधीत पैसा कमी पडल्यास तो भरून काढण्याची कायदेशीर जबाबदारी कोणाची?

हिशेबतपासनीस

पहिल्या प्रश्नाचे उत्तर २०१४च्या दुरुस्तीत आहे. १ सप्टेंबर २०१४ रोजी वेतनमर्यादा, म्हणजे पेन्शनसाठी जास्तीत जास्त धरला जाणारा मासिक पगार, ६,५००वरून १५,००० रुपये झाली. पण त्या तारखेपूर्वीच्या सेवेसाठी पेन्शन जुन्याच मर्यादेने आणि नंतरच्या सेवेसाठी नव्या मर्यादेने काढावी, असेही त्याच दुरुस्तीत म्हटले आहे. त्यामुळे आपल्या वडिलांच्या पहिल्या १७ वर्षांचे ६,५०० × १७ ÷ ७० म्हणजे सुमारे १,५७९ रुपये होतात, पुढच्या ११ वर्षांचे १५,००० × ११ ÷ ७० म्हणजे सुमारे २,३५७ रुपये, आणि दोन्ही मिळून ३,९३६ रुपये. वाढीव दोन वर्षांमुळे त्यात काही शे रुपयांची भर पडते. कार्यालयाचा आकडा सकृद्दर्शनी बरोबर दिसतो.

थकलेल्या वर्गणीबद्दल फार धास्ती बाळगू नये. ज्या सेवेची वर्गणी ‘मिळालेली आहे किंवा येणे आहे’ ती सेवा पेन्शनसाठी धरावी, अशी योजनेतली व्याख्या आहे. दिवाळखोरी संहितेच्या कलम ३६नुसार भविष्य निर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतून कामगारांना देय असलेल्या रकमा अवसायनाच्या मालमत्तेत धरल्याच जात नाहीत. बँकांच्या हक्काचा त्यांना स्पर्श होत नाही. मुळात आपली पेन्शन कंपनीच्या तिजोरीतून येतच नाही. ती सर्व आस्थापनांच्या सामाईक निधीतून येते, आणि या योजनेची सर्वांत भक्कम बाजू मला हीच वाटते.

टेम्सकाठी

दुसऱ्या प्रश्नाकडे मी थोडे बाहेरून पाहतो, कारण ब्रिटनमधल्या अशाच योजनांचे मूल्यांकन करणे हा माझा व्यवसाय आहे. तिथे खासगी कंपनीची पेन्शन योजना कंपनीपासून वेगळ्या न्यासाच्या हाती असते. न्यासाला किमान दर तीन वर्षांनी विमागणितज्ञाकडून मूल्यांकन, म्हणजे निधीतला पैसा पुढच्या देण्यांना पुरेल का याचा हिशेब, करून घ्यावे लागते, आणि तूट निघाली तर ती किती वर्षांत व किती हप्त्यांत भरायची याचा आराखडा मालकाशी ठरवून नियामकाला सादर करावा लागतो. मालकच बुडाला, तर २००४च्या कायद्याने उभा केलेला पेन्शन संरक्षण निधी पुढे येतो आणि ज्यांचे निवृत्तीचे वय उलटले आहे त्यांना पूर्ण, तर इतरांना साधारण ९० टक्के रक्कम देतो; त्याच्या खर्चाचा काही भाग आजवर इतर योजनांवरील आकारणीतून निघाला आहे. बीएचएस ही दुकानसाखळी २०१६मध्ये बुडाली तेव्हा नियामकाने जुन्या मालकामागे तगादा लावला आणि २०१७मध्ये त्याने ३६ कोटी पौंडांहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले.

ईपीएस-९५मध्ये अशी साखळी नाही. मालकाची वर्गणी ८.३३ टक्के आणि केंद्राची १.१६ टक्के, तीही १५,००० रुपयांच्या मर्यादेत. म्हणजे दरमहा अनुक्रमे सुमारे १,२५० आणि १७४ रुपये. तूट निघाली म्हणून एखाद्या मालकाला जादा हप्ता लावता येत नाही. योजनेचा परिच्छेद ३२ दरवर्षी मूल्यांकन करायला सांगतो आणि वर्गणीचे दर किंवा लाभांचे प्रमाण बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारला देतो. तुटीची भरपाई अमुकाने करावी, असे बंधन त्यात कोणावरच नाही.

अर्थात ब्रिटिश पद्धतीचीही किंमत मोजावी लागली आहे. एवढे दायित्व अंगावर नको म्हणून तिथल्या बहुतेक खासगी कंपन्यांनी या योजनांची दारे नव्या कर्मचाऱ्यांसाठी केव्हाच बंद केली.

जुना सभासद

परिच्छेद ३२मधला अधिकार आजवर कोणत्या दिशेने वापरला गेला, तेही पाहायला हवे. २००८मध्ये पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याची सोय बंद झाली आणि ५८ वर्षांआधी पेन्शन घेणाऱ्यांची कपात दरवर्षी ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेली. २०१४मध्ये सरासरी वेतन १२ऐवजी ६० महिन्यांचे धरले जाऊ लागले. त्याच वर्षी किमान पेन्शन १,००० रुपये झाली, हे मान्य. पण ती वाढवण्याची मागणी झाली की ३१ मार्च २०१९च्या मूल्यांकनात निघालेल्या तुटीकडे संसदेत बोट दाखवले जाते. माझ्या मते तूट भरली जाते ती आमच्याच लाभांतून, फक्त तसे कुठे लिहिलेले नाही.

हिशेबतपासनीस

आपला रोख रास्त आहे, तरी चित्र अगदी एकतर्फी नाही. वाढीव पेन्शनचा (मर्यादेऐवजी प्रत्यक्ष वेतनावर पेन्शन घेण्याचा) पर्याय घेणाऱ्यांनी १५,०००वरील वेतनावर १.१६ टक्के स्वतः भरावेत ही २०१४ची अट सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२च्या निकालात कायद्याशी विसंगत ठरवली, कारण मूळ कायद्यात कर्मचाऱ्याने पेन्शन निधीत वर्गणी भरण्याची तरतूदच नाही. त्यानंतर मे २०२३मध्ये केंद्राने तो भार मालकाच्या भविष्य निर्वाह निधीच्या १२ टक्के वर्गणीमधूनच घ्यायचे ठरवले, म्हणजे त्या जादा वेतनावर पेन्शन निधीत ९.४९ टक्के जातात. मात्र तेवढी रक्कम कर्मचाऱ्याच्याच भविष्य निर्वाह खात्यात कमी जमा होते, त्यामुळे ‘मालकाने भरले’ असे म्हणताना जरा थबकावे लागते.

वाळूजकर, आपण तूर्त एक करावे. पेन्शन आदेशावर सेवेचा शेवटचा दिनांक ऑगस्ट २०२५चाच धरला आहे का, हे पाहावे. थकीत महिने वगळलेले आढळले, तर त्या महिन्यांच्या पगारपावत्या जोडून क्षेत्रीय कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची एक प्रत परिसमापकालाही (अवसायनाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यालाही) द्यावी.